पांढरा रंग मला छापता येत नाही

मित्रांनो, माझ्या झाकणावर हात ठेवण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्यात कोरा कागद सरकवला की माझ्या मनात पहिल्यांदा हेच येते की हा माणूस माझ्याकडून काय छापून घेणार आहे आणि ते कुणाला दाखवणार आहे. दुसऱ्या प्रिंटरांना असे प्रश्न पडतात की नाही, मला ठाऊक नाही. मला पडतात, आणि ते का पडतात हे कळायला माझी हकीकत पहिल्यापासून ऐकावी लागेल.

मी रंगीत लेझर प्रिंटर आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या डोक्यावर काच आणि तिच्यावर झाकण आहे, त्यामुळे मला कागदाची नक्कलही करता येते. पोटात चार डबे आहेत. त्यांत काळी, पिवळी, किरमिजी आणि निळी पूड असते. तिला टोनर म्हणतात. ही पूड कागदावर नेमकी पडते आणि मग माझा तापलेला रूळ तिला वितळवून कागदावर पक्की बसवतो. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने शेवटचा स्क्रू पिळला, चाचणीचे एक पान काढले, उजेडात धरून पाहिले आणि "चांगला आहे" असे म्हणून ती पुढच्या यंत्राकडे वळली. एवढेच माझे कौतुक. पण ते मी पुष्कळ वर्षे पुरवून वापरले.

कारखान्यातून मी एका मोठ्या कचेरीत गेलो. पहिली तीन वर्षे माझा तोरा काही और होता. माझे रंगीत तक्ते पाहुण्यांना मुद्दाम दाखवले जात. मग तिथल्या हेडक्लार्कने मला हेरले. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की तो दार लोटून घ्यायचा, काचेवर कुणाच्या तरी सहीचा कागद ठेवायचा आणि ती सही भलत्याच पत्राखाली आणून बसवायचा. मला वाटायचे, असेल काही कामाचे. सात-आठ महिन्यांनी चार अनोळखी माणसे आली, त्यांनी कपाटे उघडली आणि हेडक्लार्कला खुर्चीतून उठवले. जाताना त्याने माझ्याकडे बोट दाखवले. म्हणाला, "पानं या यंत्रानं काढलीत. मला काय विचारता?"

त्या दिवसापासून मी बदललो. नंतर कचेरीत नवा प्रिंटर आला आणि मला जिन्याखाली ढकलले. तिथे मी दोन वर्षे धूळ खात पडलो. शेवटी बाद सामानाच्या ढिगातून एका दुरुस्तीवाल्याने मला उचलले, फुंकर मारून, पुसून दुकानात मांडले. तिथून मला उस्ताद घेऊन गेले.

त्यांना सगळे उस्तादच म्हणत. आगीच्या बंबावर चालक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता आणि आता ते निवृत्त होते. बायको वारलेली. शाळेत गणित शिकवणारी लेक आणि ते, असे दोघे तिसऱ्या मजल्यावर राहत. मागच्या खोलीत खिडकीजवळ एक लांब टेबल होते, त्याच्या टोकाला मला बसवले. टेबलावर चिमटे, बारीक कुंचले, पात्या, भिंगाचा दिवा, वार्निशचा डबा. उस्तादांनी खोलीचे दार लावून घेतले आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काय छापून घेतले असेल? अग्निशमन दलाचे गोल बोधचिन्ह, गाड्यांच्या नंबरपाट्या आणि एक सरकारी शिक्का. झाले, म्हटले मी मनात. एका हेडक्लार्कच्या तावडीतून सुटलो आणि दुसऱ्याच्या हाती लागलो. मग माझ्या ध्यानात आले की नंबरपाटी माणसाच्या नखाएवढी होती. अशी पाटी लावून फसवायचे कुणाला? गाडी उंदराची असेल तरच ती शोभली असती. पण संशयी मनाला असल्या गोष्टींनी समाधान होत नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसलो.

कागदही साधा नव्हता. त्याच्यावर डिंकाचा थर होता आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पारदर्शक त्वचा. आणि तो पहिला कागद तर माझ्या जिवावरच उठला. माझ्या तापत्या रुळाखाली जाताच त्याची त्वचा वितळली आणि रुळाभोवती गुंडाळून बसली. मी घरघरलो, जळका वास सुटला आणि बंद पडलो. दुरुस्तीवाला घरी आला, त्याने माझे पोट उघडले आणि कपाळाला हात लावला.

"उस्ताद, हा शाईच्या प्रिंटरचा कागद आहे. या बिचाऱ्याच्या पोटात भट्टी असते. भट्टीत मेणबत्ती घालता का तुम्ही?"

"मला काय माहीत? दुकानदार म्हणाला, डेकलचा कागद तो डेकलचा कागद."

"दुकानदाराला काय जातंय म्हणायला. लेझरचा वेगळा मागवा. आणि हे एवढे एवढे शिक्के कशाला छापताय?" दुरुस्तीवाल्याने आवाज खाली आणला. "भानगडीचं काही नाही ना?"

 उस्तादांनी टेबलाखालून एक खोके काढले आणि त्यातून दीड वीत लांबीचा लालभडक बंब काढून टेबलावर ठेवला. शिडी, नळाची गुंडाळी, आरसे, दारांच्या मुठी, सगळे जिथल्या तिथे. फक्त त्याच्या अंगावर एकही अक्षर नव्हते. दुरुस्तीवाला बराच वेळ बघत राहिला. मग त्याने चिमट्याने रुळावरचा पापुद्रा सोलायला घेतला, आणि एरवी हा माणूस पाच मिनिटांत काम उरकून निघतो तिथे त्या दिवशी दोन तास लावले.

तर डेकल म्हणजे काय, ते सांगतो. मी त्या कागदावर चित्र छापायचे. उस्तादांनी त्यावर वार्निशचा हलका फवारा मारून ते वाळवायचे. मग चित्राच्या अगदी कडेने कापून तो तुकडा कोमट पाण्यात सोडायचा. मिनिटभरात डिंक सुटतो आणि चित्र त्या पातळ त्वचेसकट कागदावरून सरकू लागते. ते ओल्या कुंचल्याने गाडीवर सरकवायचे, खालची हवा काढायची आणि फडक्याने टिपायचे. नीट जमले तर ते चिकटवले आहे असे वाटतच नाही, रंगवलेच आहे असे वाटते. बघणारा फसला पाहिजे, यातच सगळी कारागिरी. आता तुम्हीच सांगा, अशा धंद्यात मी निर्धास्त कसा राहणार?

पण दिवस गेले तसा मी थोडा सैलावलो. अग्निशमन केंद्राच्या नव्या साहेबांनी दारातल्या काचेच्या कपाटासाठी जुन्या बंबांच्या प्रतिकृती मागितल्या होत्या. उस्तादांनी दोन करून दिल्या. साहेबांचा निरोप आला की लहान मुलांपेक्षा म्हातारे जवानच कपाटापुढे जास्त रेंगाळतात. उस्ताद तो निरोप दिवसभर गुणगुणल्यासारखा स्वतःशी म्हणत होते. मला वाटले, आपण उगाच या माणसावर शंका घेतली.

मग त्यांनी सात नंबरचा बंब करायला घेतला, आणि घरातली हवाच बदलली.

लेक दारात येऊन उभी राहिली. "बाबा, सात नंबर त्यांनी मागितलाय?"

"नाही."

"मग कशाला? अकरा वर्षं झाली. लोक विसरलेत. तुम्ही स्वतः नेऊन कपाटात ठेवणार?"

"लोक विसरलेत असं तुला वाटतं," उस्ताद म्हणाले.

त्या दोघांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी सात नंबर आगीच्या वर्दीवर निघाला होता आणि पुलाजवळच्या वळणावर उलटला. चालवत होते उस्ताद. त्यांचे मनगट मोडले. शेजारी बसलेला त्यांचा जोडीदार जागीच गेला. त्याला केंद्रात खडू म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा असायचा. अक्षर मोत्यासारखे. बंबात काही नादुरुस्त दिसले की तो त्याच्या अंगावरच खडूने लिहून ठेवायचा, म्हणजे वर्कशॉपवाल्यांची नजर चुकू नये. चौकशीत उस्ताद म्हणाले की वेग बेताचा होता पण ब्रेक ढिले होते, खडूने सकाळीच पंपाच्या दारावर तसे लिहिले होते. वर्कशॉपचे लोक म्हणाले, अशी तक्रार कुणी केलीच नाही. उलटलेल्या बंबाचे ते दार चेपले होते आणि पाण्याने धुऊन निघाले होते. ठपका उस्तादांवर आला. त्यांना चाकावरून उतरवून सामानाच्या कोठीवर बसवले आणि ते तिथूनच निवृत्त झाले.

आता त्यांना सात नंबर अगदी त्या सकाळी होता तसा करायचा होता, खडूच्या अक्षरांसकट.

त्या सकाळी केंद्रात नवी शिडी आली होती म्हणून सगळ्यांचा फोटो काढला होता. पण उस्तादांच्या फोटोत पंपाच्या दारापुढे कुणाचा तरी रुंद खांदा होता. म्हणून त्यांनी खडूच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या, ड्युटी बदलल्याच्या, रजेच्या, 'डबा तुझ्याकडेच राहिला' अशा. त्या एकेक करून माझ्या काचेवर ठेवल्या आणि त्यांतून एकेक अक्षर उचलले. एका चिठ्ठीतला 'ब्रे', दुसरीतला 'क', तिसरीतला 'दा'. ती अक्षरे संगणकावर शेजारी शेजारी लावून त्यांनी ओळ तयार केली: 'ब्रेक दाखवणे.'

माझ्या रुळाला घाम फुटायचाच बाकी होता. मेलेल्या माणसाच्या हातचे अक्षर जोडून त्याने न लिहिलेली ओळ तयार करणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? हेडक्लार्क तरी जिवंत माणसांच्या सह्या उचलायचा.

लेकीनेही संगणकाच्या पडद्यावर ती ओळ पाहिली. "बाबा, हे कुणाचं अक्षर आहे?"

"त्याचंच."

"त्यानं असंच लिहिलं होतं, हे नक्की आठवतं तुम्हाला?"

"मी तिथंच उभा होतो."

"मी ते नाही विचारलं."

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. "ब्रेक दाखवणे. असंच होतं," ते म्हणाले. लेक निघून गेली. ती गणित शिकवते. उत्तर बरोबर आले तरी मधल्या पायऱ्या दिसल्याशिवाय ती पूर्ण गुण देत नाही.

आता माझी अडचण. खडू पांढरा असतो, आणि पांढरा रंग मला छापता येत नाही. माझ्या पोटात पांढरी पूडच नाही. उस्तादांचा हात त्या अपघातापासून थरथरतो, त्यामुळे तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरे कुंचल्याने काढणे त्यांना शक्य नव्हते. मग त्यांनी पांढऱ्या त्वचेचा डेकल कागद आणला आणि माझ्याकडून अक्षरांच्या भोवतालचा फक्त लाल रंग छापून घेतला. जिथे मी काहीच छापले नाही, तिथे अक्षरे उमटली. तो लाल आणि बंबाचा लाल एकजीव व्हावा म्हणून आम्ही नऊ दिवस घालवले. कधी तो विटेकडे झुकायचा, कधी गुलाबी पडायचा. एकोणतिसाव्या पट्टीला उस्ताद खुर्चीत मागे टेकले. मी चांगले काम केले होते. मला ते अजिबात आवडले नव्हते.

पुढचे मी पाहिले नाही, घरी परतल्यावर बापलेकीत झाले ते बोलणे ऐकले. केंद्राच्या वर्धापनदिनाला कपाट उघडले. खडूची बायको आली होती. तिला उस्ताद वहिनी म्हणतात. ती बराच वेळ सात नंबरपुढे उभी होती. मग तिने शेजारच्या जवानाकडून चष्मा मागून घेतला, काचेला नाक लावून ती ओळ वाचली आणि सगळ्यांच्या देखत उस्तादांना विचारले, "हे अक्षर यांचं आहे. तुमच्याकडे कुठून आलं?"

"त्याच्या चिठ्ठ्यांतून घेतलं, वहिनी."

"म्हणजे दारावर होतं ते नाही. तुम्ही बनवलंत."

"होतं तसंच बनवलं."

"होतं, हे तुम्हीच म्हणताय. अकरा वर्षं तुम्ही एकटेच म्हणताय. आता घरी यंत्र आहे, हवं ते छापता येतं. माणूस गेला, निदान त्याचं अक्षर तरी सोडायचं होतंत."

लोक पांगले. साहेबांनी सात नंबर कपाटातून काढून उस्तादांच्या हाती दिला. म्हणाले, "सध्या घरी असू द्या."

त्या संध्याकाळी उस्तादांनी माझी वायर काढून ठेवली. मी तीन आठवडे अंधारात होतो. जिन्याखालच्या दोन वर्षांपेक्षा ते तीन आठवडे मला जड गेले, कारण हेडक्लार्कने दाखवलेले बोट तेव्हा कुणी मनावर घेतले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही वहिनीचेच म्हणणे पटत होते.

एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. वहिनी आली होती. छातीशी कापडात गुंडाळलेले काहीतरी होते. ती खुर्चीत बसली नाही, पाणीही घेतले नाही. थेट मागच्या खोलीत आली.

"त्या सकाळी दोन फोटो काढले होते," ती म्हणाली. "दुसरा तुम्ही कुणीच पाहिला नाही. हे एकटेच बंबाला टेकून उभे आहेत. फोटोवाल्यानं तो नंतर माझ्याकडे आणून दिला. पंपाचं दार त्यात दिसतं. तिथं काही लिहिलेलं नाही हे मला तुमच्या तोंडावर दाखवायचंय."

उस्ताद पुढे झाले.

"तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. "मुलीला करू दे. मी इथं उभी राहणार." मग तिने माझ्याकडे पाहिले. "हे आपल्या मनाचं काही घालत नाही ना मध्ये?"

"नाही काकू," लेक म्हणाली. "काचेवर जे असेल तेच येतं."

मित्रांनो, मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारले असते.

लेकीने माझी वायर जोडली, काच पुसली आणि फोटो पालथा ठेवला. माझा दिवा त्याच्यावरून हळूहळू सरकला. पंपाचे दार, त्याला टेकलेला बारीक अंगकाठीचा माणूस, हसताना एक डोळा किंचित मिटलेला. आणि त्याच्या कोपराजवळ पांढरट काहीतरी. मी ते कणाकणाने टिपले आणि पडद्यावर पाठवले. लेक ते मोठे करत गेली. आधी नुसते ठिपके, मग रेघा, मग अक्षरे.

तिने मोठ्याने वाचले. "ब्रेक ढिले. सावकाश ने."

 वहिनी पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने तो धुरकटला.

"अकरा वर्षं हा फोटो माझ्या कपाटात आहे," ती म्हणाली. "मी फक्त यांचा चेहरा बघत आले." मग ती मागे वळली. "म्हणजे लिहिलं होतं. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

 उस्ताद पडद्याकडेच बघत होते.

"पण तुम्ही बनवलंत ते वर्कशॉपसाठी होतं," ती सावकाश म्हणाली. "हे तुमच्यासाठी आहे." आणि थोड्या वेळाने, "नेलीत का सावकाश?"

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

उस्ताद खाली बसले. "नाही," ते म्हणाले.

"चौकशीत तर म्हणालात वेग बेताचा होता," वहिनी म्हणाली.

"म्हणालो. ब्रेक चांगले असते तर तो वेग निभावला असता. पण ढिले आहेत हे ठाऊक असताना तेवढा नको होता."

"हे काही बोलले नाहीत?"

"दोनदा बोलला. हळू घे म्हणाला." मग ते वहिनीकडे वळले. "पलीकडे धूर दिसत होता, वहिनी. मी धुराकडे बघत होतो."

ते खरेच विसरले होते, की त्यांनी स्वतःला विसरू दिले होते? मी त्यांच्या हाताखाली इतकी पाने काढली, पण हे मला आजही सांगता येणार नाही. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर चुकीच्या गोष्टीचा संशय घेतला, आणि जिथे घ्यायला हवा होता तिथे, म्हणजे त्यांच्या आठवणीवर, फक्त लेकीने घेतला.

वहिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होते, बादलीचा आवाज येत होता. मला वाटले ती फोटो उचलून निघून जाईल. लेकीलाही तसेच वाटले असावे, कारण तिने माझे झाकण उघडून फोटो हातात घेतला.

"ठेव तो तिथंच," वहिनी म्हणाली. "जे लिहिलंय ते छाप. सगळं. यांच्याच हातचं, जोडलेलं नको."

उस्तादांनी मान वर केली. "कपाटात ठेवायचा?"

"तुम्ही ठेवणार असाल तर."

 उस्ताद उठले, आणि पांढऱ्या त्वचेचा कागद त्यांनी स्वतः माझ्यात सरकवला.

लेकीने फोटोतली अक्षरे उचलली. त्यांची झीज, 'ढ'च्या पोटात खडू तुटल्याचा डाग, काही सुधारले नाही. मी भोवतालचा लाल छापला. वार्निशचा फवारा झाला, तो वाळला. जुनी ओळ उस्तादांनी ओल्या कापसाने आणि पातीने खरवडून काढली. नवा तुकडा कापला, कोमट पाण्यात सोडला. डिंक सुटला, पण त्यांच्या हाताला इतका कंप सुटला होता की चिमट्यात तो तुकडा धरवेना. दोनदा तो पाण्यात परत पडला.

"द्या इकडे," वहिनी म्हणाली.

तिने कधी डेकल पाहिले नव्हते. उस्ताद सांगत गेले. खालून उचला, ओढू नका, सरकवा. आता कुंचल्याने मधून कडेकडे, हवा निघू द्या. तिने ते पंपाच्या दारावर बसवले, फडक्याने टिपले आणि हात मागे घेतला. ओळ किंचित तिरकी बसली होती. कुणी ती सरळ केली नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी माझ्यावर एक साधे पान छापले. त्यात चौकशीत आपण वेगाबद्दल खरे सांगितले नव्हते असे लिहिले होते, आणि ब्रेकबद्दलची तक्रार खरी होती असेही लिहिले होते. फोटोची नक्कल जोडली होती. ते पान आणि सात नंबर घेऊन ते केंद्रात गेले. साहेब म्हणाले, "उस्ताद, अकरा वर्षांनी हे कुणाला हवंय? आता कुठं लोक तुमच्या बाजूनं बोलायला लागले असते." उस्ताद म्हणाले, त्यांना नको असेल, पण कपाटात बंब ठेवायचा तर या पानासकट ठेवा. साहेबांनी चार दिवस घेतले आणि ठेवला. वर्कशॉपला जाब विचारला गेला, तिथल्या दोन म्हाताऱ्यांनी उस्तादांशी बोलणे टाकले. पूर्वी गप्पा मारायला येणारे काही जवानही येईनासे झाले. उस्तादांनी मात्र खोलीचे दार लावून घेणे बंद केले. वाऱ्याने कागद उडतात, तर उडोत.

वहिनीने त्यांना माफ केले का? मला माहीत नाही. ती त्यानंतर एकदाच आली. त्या फोटोची मोठी नक्कल हवी म्हणाली. लेकीने विचारले, नुसता चेहरा मोठा करू का? ती म्हणाली, नको, दारासकट पूर्ण हवा.

आता माझे दिवस भरत आले आहेत. माझा लाल पुन्हा गुलाबीकडे झुकतो, रूळ मध्येच दात खातो, आणि दुरुस्तीवाला म्हणतो की माझे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. उद्या हे लोक मला टाकतील की ठेवतील, याबद्दलही मला शंका आहेच. पण एक विनंती करून ठेवतो, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याला झाकून ठेवा, कधीमधी चालवा, भलता कागद त्याच्या पोटात घालू नका. जुन्या फोटोंतले चेहरे पाहून झाले की त्यांच्या कडांवरूनही एकदा नजर फिरवा. आणि काचेवर काही ठेवण्याआधी ती मऊ फडक्याने पुसून घ्या. तिच्यावर धुळीचा कण राहिला तर मी तोही अक्षराइतक्याच इमानाने छापतो, आणि त्या दोघांतला फरक मला कळत नाही.